टिकल्यांचे पत्ते

दैवशालाच्या घरात ‘पत्ते’ हा शब्द कुणी काढत नव्हतं. लेकराच्या कानावर शिवी पडू नये म्हणून जपावं, तशा सासू-सुना त्या शब्दापासून घराला जपत होत्या. कुणी लग्नाच्या पत्रिकेवरचा पत्ता विचारला तरी सासूच्या, धुरपदाबाईच्या कपाळावर आठी यायची.

तसं कारणही होतं. कोरोनात सगळं बंद पडलं तेव्हा दैवशालाचा नवरा रणधीर गावाबाहेर पाझर तलावाच्या बांधाकडं जाऊन बसायला लागला. तिथं पाण्याच्या जुन्या मोटारीची एक पडकी खोली होती आणि खोलीत दिवसभर रमी चालायची. आधी तो जेवायला घरी यायचा, मग तेही बंद झालं. म्हैस गेली. दैवशालाच्या कानातले झुबे गेले. शेवटी धुरपदाबाईनं एका मंगळवारी खुंटीवरची परडी काढली आणि अंगणात त्याच्यापुढं ठेवली. धुरपदाबाई आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ, आणि तुळजापूरच्या आईची ती परडी घेऊन ती मंगळवारी-शुक्रवारी पाच घरं जोगवा मागायची. ती म्हणाली, हिच्यावर हात ठेव आणि बोल. रणधीरनं हात ठेवला. पत्त्याला शिवणार न्हाय, घरात पत्ता येऊ देणार न्हाय, असं बोलला. बोलताना परडीतली हळद त्याच्या मनगटाला लागली.

आणि त्यानं ते पाळलं, हे दैवशाला कुणालाही छातीठोक सांगायची. तेरखेड्याच्या एका फटाक्याच्या कारखान्यावर तो टेम्पो चालवायला लागला. कुणाच्या लग्नात मांडवामागं माणसांनी सतरंजी टाकली आणि डाव मांडला, की हा उठायचा आणि बायकांच्या चुलीपाशी जाऊन लसूण सोलत बसायचा. बायका हसायच्या. तोही हसायचा, पण सतरंजीकडं पाठ करून.

त्याच कोरोनात त्यांच्या शिवांजलीची पहिली गेली आणि दुसरीही गेली. शाळेला कुलूप, घरात भांडणं. पोरगी वाचायला कशीतरी शिकली, गाणी तर एकदा ऐकली की म्हणायची, पण आकडा म्हटलं की तिचा चेहरा दार लावल्यासारखा बंद व्हायचा. पाचवीत गेली तरी आठ आणि पाच म्हटल्यावर हात पाठीमागं न्यायची आणि बोटं दुमडायची. पाठीमागं अशासाठी, की बोटं मोजताना वर्गात कुणीतरी हसलं होतं. दैवशालाला ते पाठीमागचे हात बघवायचे नाहीत. ओरडून पाहिलं, गोंजारून पाहिलं. एकदा पाठीत धपाटाही घातला आणि नंतर तिच्याच उशाशी बसून स्वतः रडली.

गणपती झाल्यावर शाळेत आयांची सभा झाली. मोनिका मॅडम नवीन होत्या, लातूरकडच्या, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की आता पाचवीच्या शेवटी परीक्षा असते, गणित आलं नाही तर लेकरू त्याच वर्गात राहतं. मग त्यांनी पिशवीतून पत्त्यांचा जोड काढला आणि सतरंजीवर पसरला. सगळ्या आया तोंडाला पदर लावून हसल्या. दैवशालानं मात्र पुढं केलेला पाय आत ओढून घेतला, विस्तव पडल्यासारखा. मॅडम समजावून सांगत होत्या. चार पत्ते हातात, चार मधे उघडे. हातातला एक आणि मधला एक मिळून दहा झाले की दोन्ही आपले. दहा पक्के झाले की वीस करायचे, मग वजाबाकी. लेकराला वाटतं खेळ चाललाय आणि डोक्यात गणित बसत जातं. घरी रोज थोडा वेळ खेळा, म्हणाल्या, दोन महिन्यांत फरक बघा.

आमच्या घरी पत्ते चालत नाहीत, हे दैवशाला मॅडमला सांगू शकली नाही. सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

पण ते दहाचं तिच्या मनातून जाईना. शेंगा तोडताना, भांडी घासताना ती स्वतःच मनात जोड लावायची. एक दिवस तिनं रणधीरनं आणलेली फटाक्यांची रिकामी खोकी कापली. पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवर तिनं आपल्या पाकिटातल्या टिकल्या चिकटवल्या. एक टिकली म्हणजे एक्का, दोन म्हणजे दुर्री, असं दहापर्यंत, प्रत्येकाचे चार. लाल संपल्या तेव्हा मेहरून लावल्या. राजा, राणी, गुलाम काढलेच नाहीत. मग सगळा गठ्ठा पदरात घेऊन ती सासूपुढं गेली आणि विचारलं, “आत्या, हे पत्ते म्हणायचे का?”

धुरपदाबाईनं एकेक पुठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. बराच वेळ पाहिला. राजा कुठंय, म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर राणी विचारली, गुलाम विचारला. मग पुठ्ठे परत देत म्हणाली, “मंग पत्ते कशाचे? नुसत्या टिकल्या हायत. खेळव पोरीला.”

दोघींनी मिळून असा तो रस्ता काढला.

वेळ मिळेल तसा डाव व्हायचा. भाकरी तव्यावर टाकली की एक जोड, उलटली की दुसरा. दळण घेऊन गेलं की गिरणीच्या ओट्यावर. शिवांजलीला टिकल्यांवरून बोट फिरवायला आवडायचं. पहिले काही दिवस ती टिकल्या मोजूनच जोड लावायची, पण मग हळूहळू तिला पटापटा जमायला लागलं. सत्ती हातात आली की झपकन तिर्री उचलायची. दैवशाला भाकरी थापता थापता कान देऊन ऐकायची आणि पीठ लागलेल्या हातानं तिच्या गालाचा मुका घ्यायची. पोरगी पांढरी होऊन हसायची. खेळाच्या वेळेला रणधीर घरात असला तर भिंतीकडं तोंड करून पडायचा. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली. कारखान्याचा माल गेला, टेम्पो उभा राहिला. गावात दिवाळीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरोघरी डाव पडतात. रणधीर तेव्हा घराच्या बाहेरच पडला नाही. दिवसभर बाजेवर, नाहीतर अंगणात सायकलची साखळी काढ आणि घाल. दैवशालाला त्याची कीव यायची आणि अभिमानही वाटायचा.

अशाच एका संध्याकाळी मायलेकींचा डाव चालला होता. शिवांजलीनं नव्वी टाकली आणि एक्का उचलला. पंजीला पंजी लावली. दैवशाला म्हणाली, गुणाची माझी बाय. भिंतीकडं तोंड करून पडलेला रणधीर मघाच कुशीवर वळून बघत होता, तो उठून बसला.

“तिला येत न्हाय,” तो म्हणाला. “ती चित्रं बघून उचलायलीय.”

दैवशालाला कळेना. त्यानं लांबूनच बोट दाखवलं. पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला खोक्यांवरची चित्रं तशीच होती. कुठं फुलबाजीचा दांडा, कुठं भुईनळ्याचं टोक, कुठं हसऱ्या मुलाचा अर्धा चेहरा. पोरगी उचलायच्या आधी पुठ्ठा हळूच उलटून बघायची, आणि तिला पाठ झालं होतं की फुलबाजीच्या दांड्याबरोबर मुलाचा कान जातो. दहाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. दैवशालानं पुठ्ठे बाजूला सारले आणि तोंडी विचारलं, सात आणि किती म्हणजे दहा? शिवांजलीचे हात पाठीमागं गेले.

इतक्या दिवसांची भाकरी करपली असं दैवशालाला झालं. पोरगी आईच्या तोंडाकडं पाहत होती, काय चुकलं ते न कळून.

रणधीर बाजेवरून उतरला आणि दोघींपासून जरा अंतर ठेवून खाली बसला. पुठ्ठ्यांकडं पाहिलं, मग बायकोकडं.

“हात लावू का?” त्यानं विचारलं.

त्यानं विचारलं, हेच दैवशालाला पुढं आठवत राहिलं. तो नुसता उचलू शकत होता. धुरपदाबाई तेव्हा जोगव्याला गेली होती. घरात तिघंच. दैवशालानं पोरीच्या पाठीमागच्या हातांकडं पाहिलं आणि म्हणाली, “लावा. हे पत्ते न्हायत.”

त्यानं गठ्ठा उचलला. पुठ्ठा जाड, पिसला जात नव्हता, तरी त्याच्या बोटांनी तो कसातरी पिसलाच. ती बोटं दैवशालानं इतक्या दिवसांत लसूण सोलताना पाहिली होती, पान्हा धरताना पाहिली होती. आता ती झोपेतून उठल्यासारखी हलत होती. त्यानं अठ्ठी आणि पंजी पोरीपुढं ठेवली आणि म्हणाला, मोजू नको, भूक बघ. आठला दहा व्हायला कितीची भूक हाय? दोनची, पोरगी म्हणाली. मग पंजीच्या ताटातलं दोन दे त्याला. पंजीला काय उरलं? तीन. मंग समदं किती झालं?

“तेरा,” शिवांजली म्हणाली. तिचे हात मांडीवर होते.

त्यानं सत्ती आणि छक्की टाकली. तिनं सांगितलं. नव्वी आणि चव्वी टाकली. तिनं सांगितलं. रणधीर कधी ओरडला नाही, कधी घाई केली नाही. चुकली की म्हणायचा, उपाशी ठिवलंस बघ बिचाऱ्याला. पोरगी खिदळायची आणि पुन्हा लावायची. दैवशालाला वाटलं, हा माणूस मास्तर व्हायला पाहिजे होता. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं असं एकटक पाहिलं असेल, आणि तो तिच्याकडं पाहत नव्हता, पत्त्यांकडं पाहत होता. तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही.

मग रोजचं झालं. धुरपदाबाईच्या कानावर घातलं. आधी तिनंच हो म्हटलं होतं, आता नाही कशी म्हणणार? पण आठवड्यातच रणधीर म्हणाला, ह्या पुठ्ठ्यांनी पोरगी बिघडतीय. मागून वळखू येतंय, अजूनबी चित्रं बघती. कोरी पाठ पाहिजे, सगळ्यांची एकसारखी. शिवांजली म्हणाली, मॅडमकडं खरे असतात. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चूक दैवशालाच्या पुठ्ठ्यातच होती. ती म्हणाली, कागद चिकटवू पाठीला. कागद चिकटवले तर कडा उचकटल्या, टिकल्या गळायला लागल्या, सत्तीची छक्की झाली. तालुक्याच्या वाशी गावच्या बाजारादिवशी रणधीर कांदे आणायला गेला आणि कांद्यांबरोबर खऱ्या पत्त्यांचा जोड घेऊन आला.

दैवशालानं त्यातले राजे, राण्या, गुलाम वेचून काढले, फडक्यात बांधले आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी खुपसले. उरलेले पोरीला दिले. धुरपदाबाई ओसरीतून सगळं पाहत होती. त्या रात्री तिनं भाकरीचा एकच तुकडा खाल्ला आणि परडी धुतलेल्या कपड्यानं झाकून ठेवली.

पण पोरगी शिकत होती, त्याला काय करायचं? वीस झाले, वजाबाकी आली. रस्त्यानं जाताना ती गाड्यांच्या नंबरांची बेरीज करायची. पौषातल्या एका सकाळी मोनिका मॅडमनी दैवशालाला शाळेच्या फाटकात थांबवलं. शिवांजलीनं काल फळ्यावर सगळ्या वर्गापुढं गणित सोडवलं, म्हणाल्या, आणि दुसऱ्या मुलींना समजावूनही सांगितलं, ‘भुकेची बेरीज’ म्हणून. मलाही नव्हती माहीत ही पद्धत, असं म्हणून मॅडम हसल्या. दैवशाला तुरीच्या रानात निघाली होती. ती रानात गेलीच नाही. रणधीरला सांगायचं म्हणून तशीच घरी वळली, जवळजवळ पळतच.

रणधीर घरी नव्हता. टेम्पोही दारातच उभा होता. कोनाड्यातला जोड दिसला नाही. दैवशालानं डाळीच्या डब्यात हात घातला. तळापर्यंत घातला, मग डबा परातीत उपडा केला. डाळ सगळी होती. फडकंही होतं, रिकामं, नीट घडी घातलेलं.

ती घडी पाहून तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. घाईत नेलं असतं तर चुरगळून टाकलं असतं.

धुरपदाबाई दारात येऊन उभी राहिली. परातीतली डाळ पाहिली, सुनेचं तोंड पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर दैवशालाला बरं वाटलं असतं. म्हातारी खाली बसली, डाळ निवडायला घेतली. निवडलेलीच डाळ होती ती.

“म्याच म्हणले व्हते,” ती म्हणाली, “पत्ते न्हायत म्हणून.”

“म्या बी म्हणले, आत्या.”

त्यानंतर धुरपदाबाई जोगव्याला गेली नाही. शेजारची हरणाबाई विचारायला आली तर गुडघे दुखतेत म्हणाली.

रणधीर घरी यायचा, नाही असं नाही. अंगाला बिडीचा वास असायचा. दैवशाला बोलली, रडली, माहेरी जाते म्हणाली. तो ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला की पोरीबरोबर खेळताना हात जागं झालं, आता ते झोपत न्हायत. हे त्यानं तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. पाऊस पडत न्हाय म्हणावं, तसं सांगितलं. तिनं परडीची आठवण दिली. तो म्हणाला, परडीवरचा हात त्याच दिवशी उठला, ज्या दिवशी टिकल्यांना लावला. तू म्हणालीस, लाव. मग तोच म्हणाला की तुझी चूक न्हाय, आणि चपला घालून निघून गेला.

शिवांजलीचा संध्याकाळचा डाव बुडाला. दैवशाला खेळते म्हणाली तर पोरगी म्हणाली, तुला पत्ते कुठं पिसता येतेत. ती अंगणात वाट पाहत बसायची. दैवशालानं तिला जवळ घेतलं की तिच्या कुशीत बसायची, पण मान रस्त्याकडं.

मग एक दिवस शाळा सुटून बराच वेळ झाला तरी ती आली नाही. दैवशाला शाळेपर्यंत गेली. कुलूप होतं. मैत्रिणींना विचारलं. एकीनं तलावाच्या बांधाकडं हात केला.

वाटेनं दैवशालानं सगळं मनात जुळवलं. त्या माणसांपुढं काय बोलायचं, कुणाला काय सुनवायचं. तिथं रोज बसणाऱ्या शंभुलिंगनं बायकोच्या पाटल्या विकल्या ते काढायचं. त्याच्या जोडीला बसणाऱ्या म्हाताऱ्या गुंडाप्पाच्या पांढऱ्या मिशांची लाज काढायची. आणि पोरीला दंडाला धरून उचलायचं.

खोलीच्या सावलीला ताडपत्री अंथरली होती. पाच-सहा माणसं गोल बसलेली. आणि रणधीरच्या मांडीला मांडी लावून शिवांजली, दप्तर पाठीला तसंच. एक डाव नुकताच संपला होता. हरलेली माणसं हातात उरलेले पत्ते उघडे टाकत होती आणि पोरगी एकेकापुढं बोट फिरवत होती.

“राजाचं दहा, नव्वीचं नऊ, झालं एकोणीस. छक्कीतला एक दिला, वीस. उरलं पाच. काका, तुमचं पंचवीस.”

“बरोबर,” शंभुलिंग म्हणाला, “एक कमी सांगाया काय व्हतंय गं तुला?”

माणसं हसली. गुंडाप्पाला दैवशाला दिसली. त्यानं लगबगीनं धोतर सावरलं, तिला बसायला सांगितलं आणि मोठ्या आदरानं म्हणाला, “पोरगी लई हुशार काढली तुमी, सूनबाई. पॉइंटवरून रोज भांडणं व्हायची आमची. आता समदा हिशेब जिल्हा परिषदेच्या शाळेकडं दिलाय.”

रणधीरनं वर पाहिलं. तो दचकेल, खाली बघेल, अशी दैवशालानं वाटेवर तयारी केली होती. तो दचकला नाही. त्याच्या तोंडावर आनंद होता, निव्वळ आनंद, शिवांजली जन्मली तेव्हा वाशीच्या दवाखान्यात होता तसा. “बघ की,” तो म्हणाला, “सकाळपासनं बसलेली माणसं हायत ही, चुकतेत. ती एकदाबी चुकली न्हाय.”

हे वाक्य ऐकण्यासाठी दैवशालानं आपल्या टिकल्यांची पाकिटं रिकामी केली होती.

“शिवांजली, चल,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

“थांब ना आई. एवढा डाव होऊ दे. मी गेले की ह्यांचं चुकतंय.”

“चल म्हणते ना.”

पोरीनं आईकडं पाहिलं. भीती नव्हती त्या नजरेत, हट्टही नव्हता. फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या मुलीला घरी चल म्हटल्यावर तिला वाटेल, तेवढंच नवल होतं. वर्गात मागून हसायचे, इथं मोठी माणसं तिच्या तोंडाकडं पाहत होती. इथून उठून ती कुठं जाणार होती? अंगणात, वाट पाहायला?

दैवशाला पुढं झाली, पोरीच्या खांद्यावरून दप्तराचे पट्टे उतरवले. शिवांजलीनं एक हात वर केला, मग दुसरा, झोपेत कपडे बदलू द्यावेत तसे, आणि नजर पत्त्यांवरून काढली नाही. शंभुलिंगनं जोड पिसून रणधीरपुढं कापायला ठेवला. रणधीरनं तो पोरीपुढं सरकवला. तिनं कापला.

दैवशालाला दप्तर घेऊन घरी जाता येईना, आणि पोरीला ओढून नेलं असतं तरी उद्या शाळा सुटल्यावर ती पुन्हा इथंच आली असती. ती जरा लांब दगडावर बसली. दप्तर मांडीवर घेतलं. डाव लांबला. ऊन तलावातून निघून पलीकडच्या तुरीवर गेलं, तिथूनही निघालं. मग पत्ते उघडे पडल्याचा आवाज आला, माणसं गप्प झाली, आणि तिच्या लेकीचा आवाज स्पष्ट, न अडखळता, एकेकाचं सांगायला लागला. दैवशाला मनातल्या मनात तिच्याबरोबर मोजत होती. सगळं बरोबर येत होतं.